तांत्रिक खंड

अकरा वर्षांतले माझे अकरा दिवस कुठे गेले
हे मला नेमकं ठाऊक आहे.
दर डिसेंबरात एक.
यंदा कंत्राट सोमवारी संपलं, नवं बुधवारी लागणार,
मधल्या मंगळवाराला ऑफिसात म्हणतात तांत्रिक खंड.
आई म्हणते,
"तुह्या बापाची मिल येकदाच बंद पडली वं,
तुही दरसाल पडते."

या दिवसांत सिव्हिल लाइन्सच्या झाडांना गेरू-चुना लागतो,
खड्डे रातोरात बुजतात,
मुंबईहून आलेले फायलींचे गठ्ठे
लाल कापडात जिन्यावर बसून असतात, पाहुण्यांसारखे.
दोन आठवडे राज्य आमच्या गावात मुक्कामाला.

पांघरूण ओढून पडले होते, तर पखाले साहेबांचा फोन.
तारांकित प्रश्न आहे, उत्तर बारापर्यंत पाहिजे,
तुझ्याइतका हात कोणाचा चालत नाही.
सर, आज माझा खंड आहे.
हो गं, माहीत आहे. हजेरीवर सही करू नको, बस.

पाचपावलीहून ऑटो, पुढे बॅरिकेड, पुढे पायी.
टेकडी रोडवर मोर्चा अडवलेला,
पहिल्या रांगेत सारंगा हेडाऊ,
माझ्या आधीची ऑपरेटर.
बाळंतपणाला गेली आणि नव्या यादीत आलीच नाही.
तिनं हात केला.
मीही केला, दुसऱ्या हातानं
ओळखपत्र ओढणीखाली सरकवत.

प्रश्न असा होता:
(१) कंत्राटी कर्मचाऱ्यांना दरवर्षी एका दिवसाचा खंड देऊन
पुन्हा नेमले जाते, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, खंडाच्या दिवशीही त्यांच्याकडून काम घेतले जाते,
हे खरे आहे काय?
(३) असल्यास, शासनाने याबाबत कोणती कार्यवाही केली?

साहेब खुर्चीमागे उभे राहून सांगत गेले.
एकला लिही, हे अंशतः खरे आहे.
दोनला, हे खरे नाही.
लिहिलं.
बोटं जराही अडली नाहीत, हे मला नंतर लागलं.
तीनला, म्हणेपर्यंत त्यांचा मोबाइल वाजला
आणि ते व्हरांड्यात गेले.

कर्सर लुकलुकत राहिला.
मग मी लिहिलं,

सदर मंगळवार परत करण्यात येत आहे. आधीचे दहाही.
श्रीमती हेडाऊ यांची रजा ही रजाच समजण्यात यावी.
भरतीच्या अर्जात वय धरले जाते, तसा अनुभवही धरावा.
जे काम रोज निघते त्याला पद असावे;
पद मंजूर नाही म्हणून काम थांबल्याचे
या कार्यालयाच्या पाहण्यात नाही.
टोनर, फिनाईल व सुतळी यांच्यासोबत
कार्यालयीन खर्चात टाकलेली माणसे
तेथून काढून वेतन या शीर्षाखाली घ्यावीत.
निधीचा प्रश्न उद्भवत नाही.
एजन्सीचे सेवाशुल्क वाचल्यास बरेच भागते.
(तक्ते मीच टाइप करते.)

साहेब कधी आले कळलं नाही.
चष्मा कपाळावर चढवून शेवटपर्यंत वाचलं त्यांनी.
बराच वेळ फक्त पंखा.
दोन वर्षांनी निवृत्त होतायत, पेन्शनवाले शेवटचे,
मुलगा पुण्यात कुठल्याशा कंपनीत, सहा-सहा महिन्यांवर.
"भाषा चांगली आहे," म्हणाले.
आणि मग, "पण हे उत्तर नाही, ही मागणी आहे. काढ."

काढलं.
तीनला टाकलं, बाब तपासण्यात येत आहे.
प्रिंट गरम होती. सहीला गेली.
उत्तर कोणी टाइप केलं, याची नोंद कुठेच नाही.

गेटवर शेषराव नंदेश्वर डब्यातली भाकर मोडत होते.
"येवढ्या लवकर?"
आज खंड आहे माझा.
"माहा उद्या हाय."
मग उद्या गेट कोण पाहणार?
त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं,
जणू मीच या गावात नवी.
"मीच येतो नं, पोरी."